शेवटल्या बांधीचा दट्ट्या

तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून उतरून, पाटाच्या काठाकाठानं इथवर चालत आलात, म्हणून तुम्हाला हा दगड दिसला. नाहीतर लोक तलावाचे फोटो काढतात आणि वरच्या वर परत जातात. दगडावर ठेवलंय ते नुसतं लाकूड नव्हे, तलावाचा दट्ट्या आहे. तलावाच्या पोटात मोरी आहे. तिच्या तोंडात हा बसला की पाणी थांबतं, निघाला की पाटानं धावत सुटतं. सध्या पाणी सोडलेलं आहे, म्हणून तो इथं. पण तलाव तिकडं वर आणि त्याचा दट्ट्या इकडं, सगळ्यांत खालच्या बांधीत, धानाच्या ह्या शेवटल्या तुकड्यात का, ते ऐकायचं असेल तर बसा. उभ्याउभ्या सांगण्यातली ही गोष्ट नाही.

तलावाची आख्यायिका म्हटली की तुम्ही धरूनच चालता, पाणी लागावं म्हणून कुणाची तरी सून पुरली असेल. तसलं ऐकायचं असेल तर दुसऱ्या गावाला जा. आमच्या कोसमघाटच्या तलावानं कुणाची लेक खाल्लेली नाही.

फार मागं गडावर एक राजा होता, असं सांगतात. तलाव आमच्या पूर्वजांनी खोदला, पाळ त्यांनीच बांधली, पण राजाचा कायदा असा की गडावरून हुकूम आल्याशिवाय मोरी उघडायची नाही. एका साली आश्विनात पावसानं पाठ फिरवली. धान निसवायला, लोंब्या फुटायला आलेलं, बांध्यांना भेगा पडलेल्या, आणि तलाव तर काठोकाठ भरलेला. माणसं गडावर गेली, तर दिवाणानं विचारलं म्हणे, "तलाव भरलेला असताना तुम्ही पाणी मागता कसं?" माणसं तशीच परत आली. भरल्या तलावाच्या पाळीवर बसून सारं गाव आपलं धान वाळताना बघत राहिलं. माझ्या आजीनं हे सांगितलं तेव्हा मला दुष्काळाची नाही, त्या बसलेल्या माणसांची भीती वाटली होती.

गावात भिवरा नावाची एक बाई होती. मासे धरणाऱ्या धिवराची लेक, पाण्यात मासोळीसारखी. नवरा गेलेला, पदरात दोन पोरं, आणि सगळ्यांत खालची ही एवढी बांधी. हे धान गेलं तर पोरांच्या ताटात काही पडणार नव्हतं. ती एकटी गडावर गेली आणि वाळलेल्या लोंब्यांची मूठ तिनं राजाच्या हातावर ठेवली. राजानं त्या चोळल्या. हातात नुसतं फोल राहिलं.

राजानं ते फुंकून टाकलं. मग म्हणाला, "तलाव तुमचा, धान तुमचं. मध्ये मला कोणी बसवलं?"

"तुमच्याच आज्यानं, महाराज," भिवरा म्हणाली.

राजा हसला, असं सांगतात. आणि त्यानं हुकूम दिला की आजपासून मोरी गावाच्या हाती.

आता ऐका, आमची चूक कुठं झाली. हुकूम आला, ढोल वाजले, पण गाव म्हणजे कोण, हे कुणी विचारलंच नाही. हात जोडायची सवय झालेली. जोडलेले हात घेऊन सगळे डोमाजी पाटलाच्या अंगणात गेले आणि राजाचा हुकूम आपल्या हातानं त्याच्या पायाशी ठेवून आले. पाटलाच्या बांध्या पाळीला लागून. त्यानं मोरी उघडली, आपलं भरून घेतलं, दट्ट्या परत ठोकला. बाकीचे दारात उभे. पाटील म्हणे, "बघू. उद्या सांगतो."

भिवरा म्हणाली, "पाटील, गड दूर होता तेच बरं होतं. निदान चालेपर्यंत आस तरी राहात होती."

"तुझी बांधी शेवटली, तुझी पाळी शेवटली. कायले तोंड चालवतेस?"

"म्हणजे धान मेल्यावर माझी पाळी," ती म्हणाली. तलावाच्या पाळीवर चढली, काष्टा मारला आणि तलावात उडी घेतली.

थोड्याच वेळात पाट गरजला. पाणी सुटलं, पण भिवरा वर आली नाही. धिवरांनी बुड्या मारल्या. मोरीचं तोंड उघडं, दट्ट्या नाही आणि बाईही नाही. पाटलाच्या माणसांनी धानाचं वाळलं तणस कोंबलं, चिखल कोंबला. पाण्यानं सगळं थुंकून टाकलं. बाया रडायला लागल्या. पाणी आपलं एकेक बांधी ओलांडत खाली निघालं आणि गाव त्याच्या मागं धावलं. इथं, ह्या बांधीत पाणी चढलं, आणि त्या पाण्यातून भिवरा उभी राहिली. दट्ट्या छातीशी धरलेला.

ती मोरीतून आली कशी, ते मला विचारू नका. तलाव आटला होता त्या साली मी मोरीत हात घालून पाहिलाय. माझा हात कोपरापर्यंत जातो, पुढं अडतो.

गावाला काय सुचावं? पुन्हा हात जोडले. "माय, आता तूच सांग, पाणी कधी बंद करायचं?" भिवरा बोलली नाही. त्या दिवसानंतर मरेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. लोक म्हणतात, पाण्यानं तिची वाचा नेली. मी म्हणते, तिनं ती गिळली. एक शब्द बोलली असती तर तिचाही गड झाला असता.

हुकूम द्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा माणसं पहिल्यांदा एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. भिवरानं आपली बांधी भरू दिली आणि दट्ट्या वरच्या बांधीवाल्याच्या हातात ठेवला. त्यानं आपली बांधी पाहिली, थांबला, भरल्यावर पुढच्याला दिला. असा हातोहात तो वर चढला आणि शेवटी पाटलाकडं पोचला. पाटलानं निमूटपणे पाण्यात उतरून मोरी बंद केली.

आजही पाणी असंच चालतं. दट्ट्या खालून वर जाताना कुणी बोलत नाही, कुणी कुणाला घाई करत नाही. सरपंच असो की आमदाराचा भाचा, पाळीजवळ ज्याची बांधी त्यानं वाट बघायची. गेल्या साली दट्ट्या असाच वर जात असताना पाटबंधारे खात्याचे एक साहेब जीपमधून उतरले आणि विचारू लागले, "पाणी सोडायचे अधिकार इथं कोणाकडे आहेत?" ह्याला विचारलं, त्याला विचारलं, सगळे गप्प. विचारत विचारत ते रांगेतच येऊन उभे राहिले आणि दट्ट्या त्यांच्याही हातात आला. ओला, जड. साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. मग वाकून बाजूच्या बांधीत पाणी पोचलंय का ते बघितलं. पोचलं नव्हतं. साहेब थांबले.