शीव चालणारे केरूबाबा

आजोबांच्या आजोबांनीही नुसती ऐकूनच पुढे सांगितली, इतकी ही जुनी गोष्ट. तेव्हा सडका नव्हत्या, नकाशे नव्हते. दोन गावांची शीव कुठून कुठे जाते, हे एखाद्याच माणसाच्या पायांना ठाऊक असायचं. नगरकडच्या डोंगराळ मुलखात हिवरदरा नावाचं गाव होतं आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत केरूबाबा राहायचे. शीव दाखवण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याचा. मान काय तो एवढाच. वस्तीतल्या बायकांना पाणवठ्याला हात लावायचीसुद्धा मुभा नव्हती. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली आणि त्यानं वरून पाणी ओतलं, तरच घागर भरायची. केरूबाबांची बायको सगुणा सकाळी पाण्याला गेली की कधीकधी दुपारीच घरी यायची.

शिवेवरून तंटा झाला की शीव चालायची रीत होती. शीव चालणाऱ्याच्या डोक्यावर शिवेवरच्या ओल्या मातीचं ढेकूळ ठेवायचं, त्याला शपथ घालायची, आणि तो चालेल ती शीव. जो खोटा चालेल त्याचा वंश बुडतो, असं म्हणतात. त्या काळी तर सगळे ते खरंच मानायचे.

मिशा पिकल्यावर केरूबाबा ख्रिस्ती झाले. तट्टावर बसून एक मास्तर वस्तीत यायचे. त्यांनी लिंबाखाली बसवून केरूबाबांना अक्षरं शिकवली, येशूच्या गोष्टी सांगितल्या. म्हातारा बाराखडी घोकतोय म्हणून गावानं हसून घेतलं. पण रविवारी त्याच लिंबाखाली केरूबाबांनी एकतारीवर भजन धरलं, की हसणारेच कुंपणाआड उभे राहून ऐकायचे. फार गोड दिवस होते ते. तसा आवाज पुन्हा त्या मुलखात कुणी ऐकला नाही, असं म्हणतात.

आता तंट्याचं ऐका. हिवरदरा आणि शेजारचं तळखेड यांच्यामध्ये जांभळीखाली एक झरा होता, भर वैशाखातही न आटणारा. एका मोठ्या दुष्काळात तळखेडची माणसं गाव सोडून गोदावरीच्या काठाला गेली. गाव ओस पडलेलं पाहून हिवरदऱ्याच्या लोकांनी शिवेचा दगड हळूच झऱ्यापलीकडे सरकवला. दोन वर्षांनी तळखेडकर परतले, तर झरा दुसऱ्याचा झालेला. त्यांचा शीव चालणारा वाटेतच वारला होता. खरी शीव ठाऊक असलेला माणूस आता एकच उरला होता, केरूबाबा. तळखेडकरांनी शीव चालायची मागणी केली आणि हिवरदऱ्याच्या पाटलांनी ती हसत हसत कबूल केली.

मग पाटील स्वतः वस्तीत आले. हेच तेव्हा मोठं नवल होतं.

"केरू, तू आता शपथ घेत न्हाईस म्हनं?"

"न्हाई घेत, पाटील. रोजचं बोलनंच खरं आसलं, तर शपथ लागती कशाला? येशूची तशीच शिकवन हाय."

पाटलांनी मांडीवर थाप मारली. "मग तर झ्याकच झालं! शपथ न्हाई, म्हंजे वंश बुडायचं भ्यावबी न्हाई. दगड हाय तिथनं चाल. उद्यापास्नं तुमच्या बाया झऱ्यावर आपल्या हातानं पानी भरतील. हा माजा शब्द!"

आपण फार डोकं लढवलं, असं पाटलांना वाटलं आणि ते खुशीत घरी गेले. केरूबाबा मात्र भाकरी खायला बसले तरी घास उचलेनात. सगुणा म्हणाली, "अवं, आपल्या हातानं पानी! माजी आय ह्येच म्हनत म्हनत गेली." केरूबाबांच्याही मनात तेच होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं शिवेवर जमली. शीव ठाऊक असलेला दुसरा कुणी नव्हताच, म्हणून तळखेडकरांनीही शपथेचा हट्ट धरला नाही. केरूबाबांनी ढेकूळ डोक्यावर घेतलं आणि ते अनवाणी चालू लागले. वैशाखाचं ऊन, खालचा खडक तव्यासारखा तापलेला. पण डोक्यावरची माती सुकली नाही, असं म्हणतात. चालता चालता ते झऱ्यापाशी आले आणि थांबले. इथून उजवीकडे वळलं तर झरा हिवरदऱ्याचा, डावीकडे वळलं तर तळखेडचा.

उजव्या हाताला सगुणा रिकामी घागर घेऊन उभी होती. तिच्यामागे वस्तीतल्या साऱ्या बायका होत्या. केरूबाबांचा जीव तुटला. उजवीकडे चार पावलं टाकली की झालं, कुणाला ते खोटं ठरवताही आलं नसतं. आणि पाण्यावर वस्तीचा हक्क होताच की, तो काही खोटा नव्हता. त्यांनी डावीकडे पाहिलं. तिथंही बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचेही ओठ फुटले होते. केरूबाबांनी डोळे मिटले, येशूचं नाव घेतलं आणि ते डावीकडे वळले.

त्या क्षणी डोक्यावरच्या ढेकळातून हिरवं गवत उगवलं, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण दोन्ही गावांत हे सांगणारे आजही आहेत.

पाटील ओरडले, "गावाशी बेइमान झालास, केरू!" वस्तीतल्या लोकांनीही तोंड फिरवलं. सगुणा घागरीशेजारी मटकन बसली आणि रडू लागली. केरूबाबा तिच्यापाशी जाऊन म्हणाले, "सगुणे, तुजा मी गुन्हेगार हाय. पर शीव हिथंच हाय गं."

तळखेडकर आनंदानं नाचले आणि लगेच म्हणाले, हिवरदऱ्याच्या एकाही माणसानं झऱ्याला शिवायचं नाही. तेव्हा त्यांची म्हातारी पाटलीण हौसाबाई काठी टेकत पुढे आली. तिनं आपल्याच माणसांना खडसावलं, "ज्याच्या पायानं आपलं पानी आपल्याला परत दिलं, त्याच्या हातानं ते बाटंल व्हय रं? ह्या वस्तीच्या बाया आपल्या हातानं पानी भरतील. बाकी हिवरदऱ्यानं लांब ऱ्हावं!"

सगुणेनं त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या हातानं घागर बुडवली. ती भरली तरी तिला पाण्यातून हात काढवेना.

पंधरा दिवसांत हिवरदऱ्याच्या विहिरी आटल्या. आणि एका सकाळी खुद्द पाटील झऱ्यापासून दहा पावलांवर रिकामा तांब्या घेऊन उभे राहिले. मागता येईना आणि जाताही येईना. वस्तीतली तरणी पोरं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हुबं दुपारपातुर. कळू द्या जरा."

सगुणेनं नवऱ्याकडे पाहिलं. केरूबाबा म्हणाले, "वाट बघत हुबं ऱ्हानं कसं आसतं, ते आपल्याला ठावं हाय. घाल पानी."

ती भरलेली घागर घेऊन पुढे झाली. पाटलांनी तांब्या खाली ठेवला आणि ओंजळ धरली. पाणी पिताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्या दिवसापासून हिवरदऱ्याची एकूण एक घागर वस्तीतल्या बायकांनी भरून दिली, आणि झऱ्याचं पाणी बोटभरसुद्धा उतरलं नाही, असं म्हणतात.

केरूबाबा गेले तेव्हा दोन्ही गावं त्यांना आपापल्या हद्दीत न्यायला भांडली. शेवटी त्यांना शिवेवरच माती दिली.

आता दोन्ही गावांत नळ आहेत, आणि शीव तर सरकारी नकाशात आहे. तरीही दर वैशाखात दोन्ही गावं एकत्र शीव चालतात. शपथ कुणी घेत नाही. झऱ्यापाशी आल्यावर केरूबाबांच्या घरातली सून घागर बुडवते, आणि सगळ्यांच्या आधी पाटलांच्या घरातला माणूस वाकून ओंजळ पुढे करतो. त्याची तहान भागेपर्यंत ती धार तोडत नाही.