चन्नीची वजाबाकी

"म्हणजे सोडून द्यायचं ठरवूनच आलीस?"

अप्पा मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. सुमंगलानं पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या, पायरीवरूनच सगळं बोलून मोकळी झाली होती.

"ठरवून नाही. पण चन्नीला गणित येणार नाही, अप्पा. डॉक्टरांनीसुद्धा लिहून दिलंय, शिकण्यात अडचण आहे म्हणून."

"अडचण आहे म्हणाले. येणार नाही म्हणाले का?"

सुमंगला चपला काढून वर आली.

तालुक्याच्या शाळेत गणिताच्या बाई म्हणून तिचा दरारा होता. पाचवीतल्या चन्नीची आई उद्या तिला भेटायला यायची होती. बाई 'हिला जमणार नाही' म्हणाल्या, तर पोरीला शाळेतून काढून बिदरला मावशीबरोबर धुण्याभांड्याला लावायची, असं तिनं तोंडावर सांगितलं होतं. एका शब्दावर लेकराचं आयुष्य. तो शब्द सुमंगलाला एकटीनं उच्चारवत नव्हता. आपल्या जुन्या गुरूनं मान डोलवावी, एवढ्यासाठी ती आली होती.

ओसरी तीच होती. एके काळी दिवेलागणीला इथं पोरांना पाय ठेवायला जागा नसायची. विभूतीचा वास, चिंचोक्यांचे ढीग, पावकी-निमकीचा गलका. आता चिटपाखरू नव्हतं. अप्पांची एक खोड तेवढी तिला तेव्हाही खटकायची. उत्तर बरोबर आलं तरी विचारायचे, "कसं आलं?" तिचं तर सगळ्यांच्या आधी यायचं. आलं ते आलं, त्यात कसं काय विचारायचं?

"काय चुकतं तिचं?" अप्पांनी खडू पुढं केला.

सुमंगलानं फरशीवर मांडलं. बावन्न वजा सतरा. खाली चन्नीचं उत्तर लिहिलं, पंचेचाळीस.

"कसं आलं?"

"चुकून आलं, अप्पा."

"ते दिसतंय. चुकून कसं आलं?"

"मला काय ठाऊक? मी बरोबर कसं करायचं ते शिकवते. घसा फुटेपर्यंत शिकवलंय."

अप्पांनी शेजारी दुसरं मांडलं. त्र्याऐंशी वजा शेहेचाळीस.

"हे चन्नीसारखं चुकवून दाखव."

सुमंगला हसली. मोठ्या ऐटीत तिनं लिहिलं, सत्तेचाळीस.

"हे तुझं चुकणं झालं, बाई. तिचं नव्हे."

"चूक ती चूक..."

"कर."

तिनं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. आयुष्यभर बरोबर उत्तरं काढलेल्या बाईला एक चूक जमेना. अप्पा शेंगा खात राहिले. त्यांनी तिला एकही दिली नाही.

बऱ्याच वेळानं तिचं बोट पहिल्या गणिताकडं गेलं.

"वर दोन आहेत, खाली सात. दोनातून सात जात नाहीत..."

"मग?"

"तिनं सातातूनच दोन काढले. पाच उरले. आणि पाचातून एक, चार."

दुसऱ्या गणिताखाली तिनं सावकाश लिहिलं, त्रेचाळीस. आता हात अडला नाही.

"ती कसंही लिहीत नाही, अप्पा. दरवेळी एकाच नियमानं करते. मोठ्यातून लहान काढायचं."

"हा नियम कुणाचा?"

सुमंगलाचा खडू थांबला.

दुसरीत, वजाबाकीच्या पहिल्या दिवशी तिनंच सगळ्या वर्गाकडून एका सुरात घोकून घेतलं होतं. मोठ्यातून लहान वजा करायचं. मोठ्यातून लहान. पुढं दशक सुटा करायला शिकवला, तशी बाकीची पोरं ते विसरून गेली. चन्नीच्या डोक्यात मात्र एकदा बसलेलं लवकर हलत नाही. तीच तर तिची अडचण. आणि ते हलवायला कुणी गेलंच नव्हतं.

...

बाहेर बैल परतत होते. सुमंगला फरशीकडं बघत राहिली.

"कसं आलं, ते आजवर मी तिला विचारलंच नाही."

तिनं खडू खाली ठेवला.

"उद्या तिच्या आईला काय सांगू?"

अप्पांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"सांग, अख्ख्या वर्गात माझं खरं ऐकलं ते तुझ्या लेकीनंच."