फेट्याचा तुरा

गेल्या वर्षी कुणाचंसं उपरणं चाकात अडकून बागेतला रोलर कोस्टर उंचावरच थांबला आणि चौघे जखमी झाले. तेव्हापासून नियमच झाला, सैल वस्तू खाली ठेवूनच बसायचं. आज रोलर कोस्टर पुन्हा सुरू होणार, म्हणून नुसती झुंबड उडाली होती! पहिल्या फेरीचा मान नगराध्यक्ष रणधीररावांचा. पट्टे तपासणाऱ्या कुंदानं फेटा मागताच ते गरजले, “हा फेटा आजवर कुणापुढे उतरला नाही!”

समोरच्या उभ्या उताराकडे बोट दाखवत कुंदा म्हणाली, “म्हणून तर मागतेय, साहेब. इथं तुम्ही स्वतः उतरवाल. तिथं अख्ख्या गावासमोर वारा उतरवील!”

शिट्ट्यांचा पाऊस पडला. रावांनी फेटा उतरवून तिच्या हाती दिला.

पहिल्याच उताराला राव “आई गंऽऽ!” म्हणून किंचाळले. खाली कुंदाच्या खुर्चीवर ठेवलेल्या फेट्याचा तुरा मात्र ताठ होता.