पाचशेपर्यंत मोजणारा नवरा

डोंगरांच्या कुशीतल्या एका राज्यात एक सेवक राहत होता. राजाच्या ताटातला पहिला घास खाणं हेच त्याचं काम. घास गिळायचा, शंभर आकडे मोजायचे आणि आपल्याला काही झालं नाही, तर ताट राजापुढे सरकवायचं.

त्या वर्षी शेजारच्या राज्याशी बिनसलं. राजावर विषप्रयोग होणार, अशी कुजबुज सुरू झाली. मग कारभारी रोज सकाळी सेवकाला बोलावून दम देऊ लागला. "आजपासून पाचशे मोजायचे. चूक झाली तर तुझी मान जागेवर राहणार नाही."

सेवक मनातून फार घाबरला, पण घरी तो एक शब्द बोलला नाही. बायकोच्या जिवाला घोर कशाला, असं त्याला वाटलं.

मात्र घरी जेवायला बसला की तो भाकरी मोडून वास घेई. आमटी बोटावर घेऊन उजेडात धरी. "मीठ कुठून आणलंस? पाणी कोणी भरलं?"

बायको आधी हसली. "अहो, तुम्हाला विष घालून कुणाला काय मिळायचं? ही फाटकी गोधडी?"

तो हसला नाही. हळूहळू तिचंही हसणं थांबलं.

नवऱ्याचं काम जिवावरचं, म्हणून ती दर सोमवारी उपास धरायची. अशाच एका सोमवारी, दिवस मावळताना, तिने उपास सोडायला वरणभात रांधला आणि आधी नवऱ्याचं ताट वाढलं. त्या दिवशी राजाच्या मुदपाकखान्यामागे एक मांजर मरून पडलं होतं आणि कारभाऱ्याने सगळ्यांदेखत सेवकाची खरडपट्टी काढली होती. सेवकाने ताटाकडे पाहिलं आणि ते बायकोकडे सरकवलं.

"आधी तू एक घास खा."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने घास घेतला, गिळला. "मोजा," ती म्हणाली.

आणि त्याने खरंच मोजलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने न सांगता तेच सुरू केलं. ताट वाढायची, एक घास खायची, भिंतीकडे तोंड करून पाचशे मोजायची आणि ताट सरकवायची. अन्न गार होऊन जाई. जेवताना दोघांत बोलणं असं उरलंच नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला सेवकाला त्याचं बरंच वाटलं.

एके दुपारी राजाने ताट पुढे ओढलं, पहिला घास घेतला आणि तो थांबला.

"गरम भात कसा लागतो रे?"

"महाराज?"

"मला आठवत नाही. तू घरी खात असशील. बायको वाढत असेल, शेजारी बसून चार गोष्टी बोलत असेल. तुझ्या ताटावर कुणाचा पहारा नाही. सुखी आहेस."

सेवकाने मान खाली घातली. राजाला वाटलं, लाजला.

संध्याकाळी सेवक घरी आला, तेव्हा बायको भाकऱ्या भाजत होती. तिने ताट वाढलं आणि नेहमीसारखा घास मोडला. त्याने तिचा हात धरला.

"नको."

"का? आज भरवसा आला वाटतं?" तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

"मला तिथे भीती वाटते," तो म्हणाला. "सकाळी वाड्याची पायरी चढताना वाटतं, आज परत येईन की नाही. तुला कधी सांगितलं नाही. ती सगळी भीती तुझ्यावर काढली."

तिने मोडलेला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "मला वाटलं, मीच तुम्हाला नकोशी झाले. भीतीच होती, तर मला सांगायचं. मी उपास कुणासाठी करते?"

तेव्हा त्याने पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. कारभाऱ्याचा दम, ते मांजर, सगळं. ती ऐकत राहिली आणि तव्यावरची भाकरी करपून गेली.

"काळी झाली," ती म्हणाली.

"असू दे, दे."

त्याने तुकडा मोडून तसाच तोंडात घातला. तोंड भाजलं, डोळ्यांत पाणी आलं.

"हळू खा," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तो जेवत असताना ती आपणहून बोलली होती.

दुसऱ्या दिवशी कारभारी तोच होता आणि त्याचा दमही तोच होता. पण त्या सकाळी घरून निघताना बायको त्याला निरोप द्यायला दारापर्यंत आली होती.

तात्पर्य: कामावरची भीती घरच्या माणसापासून लपवली, तरी ती घरात शिरतेच आणि त्याच माणसाला दुखावते. ती उघड बोलून दाखवावी, म्हणजे तिचं ओझं दोघांना उचलता येतं.