तीन अनोळखी फोल्डर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजेही होते आणि संगणकही होते. कसे, ते विचारू नका.

एका राज्यात बाळंतिणींचा दवाखाना होता. कुठल्या बाळाला कोणता डोस कधी द्यायचा, याची यादी तिथल्या संगणकात असे. ती सांभाळायची एक तरुण लेखनिका. तिचं स्वतःचं बाळ टेबलाशेजारी झोळीत असायचं. घरून निघताना ती कडी तीनदा तपासायची, आणि वाटेतून परत येऊन चौथ्यांदा.

एकदा वीज पडली आणि दोन संगणक बंद पडले. एक दवाखान्यातला, एक प्रधानांचा. लेखनिका दर शनिवारी दोन्हींचा बॅकअप काढून ठेवायची. दुरुस्तीनंतर तिने तो परत चढवला. याद्या जशाच्या तशा आल्या. पण सोबत, दोन्ही संगणकांवर, पूर्वी कधी न दिसलेले तीन-तीन फिकट फोल्डरही येऊन बसले.

प्रधान भर दवाखान्यात ओरडले, "हे काय घुसवलंस? मूल तरी सांभाळ, नाहीतर काम तरी कर!"

"मी काही घातलं नाही, प्रधानजी."

"मग आभाळातून पडले? संध्याकाळपर्यंत पुसून टाक, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

आधी तिला वाटलं, खरंच आपल्या हातून झालं असेल का? झोप पुरत नाही, झालंही असेल. मग मात्र तिचं डोकं तापलं. सगळी माहिती परत आणली, त्याचं कुणाला काही नाही. आणि तीन फोल्डर दिसले की लगेच आपण चोर? शिवाय ते पुसताना यादीच गेली, तर बाळांना डोस कसे द्यायचे?

तिने पुसलं नाही. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या म्हातारीला बोलावून आणलं.

म्हातारी बघून हसली. "अगं पोरी, हे घरचेच आहेत! यांच्याच जिवावर यंत्र चालतं. कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून यांच्यावर 'लपवलेला' अशी खूण असते. बॅकअपमधून फोल्डर आले, खूण तेवढी मागे राहिली."

"मग पुसायचे नाहीत?"

"पुसलेस तर यंत्र उठायचं नाही. फोल्डरचे गुणधर्म उघड आणि 'लपवलेला'समोर टिचकी मार."

तीन फोल्डर, तीन टिचक्या, आणि तिन्ही दिसेनासे झाले. यादी शाबूत राहिली, बाळांना वेळेवर डोस मिळाले.

प्रधानांना मात्र धीर कुठला! त्यांनी आपल्या संगणकातले तिन्ही फोल्डर स्वतःच पुसले. संगणक पुन्हा सुरूच होईना. तरातरा दरबारात जाऊन ते म्हणाले, "महाराज, त्या बाईने बिघडवला! तिचे ते फोल्डर पुसले, तर आता सुरूच होत नाही!"

राजाने विचारलं, "पुसले कुणी?"

"मीच, पण..." प्रधान पुटपुटले.

राजाने बोलावून घेतलेली लेखनिका बाळाला कडेवर घेऊन उभी होती. ती पुढे होऊन म्हणाली, "यांचा बॅकअप माझ्याकडे आहे, महाराज. मी परत चढवीन. पण आधी यांनी चारचौघांत केलेला आरोप चारचौघांत मागे घ्यावा."

राजा म्हणाला, "रास्त आहे."

प्रधानांना दवाखान्यात जाऊन सगळ्या बाळंतिणींसमोर तिची माफी मागावी लागली. त्याला त्यांनी पाच दिवस लावले, आणि पाचही दिवस त्यांचा संगणक बंद राहिला.

बाळांनो, आणि बाळांच्या आईवडिलांनो, जे आपल्याला कळत नाही ते हाकलण्याआधी विचारावं, आणि त्याचा दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याआधी तर नक्कीच विचारावं.