साळूबाईचं मडकं

गावकऱ्यांनो, तुम्ही घाबरला होतात आणि ते कबूल करायची लाज वाटत होती, म्हणून एका बाईला चेटकीण ठरवलंत.

फार जुनी गोष्ट. माळावरच्या एका गावात साळूबाई सणगरीण घोंगड्या विणायची. मागावर बसल्या बसल्या तिनं स्वतःची एक बोली रचली. कशाला? आवडायचं म्हणून. मेंढराला ती ‘हुबा’ म्हणायची, पाण्याला ‘लुमी’. ऐकून ऐकून आख्खं गाव ते शब्द शिकलं. बायका विचारायच्या, “साळे, नवऱ्याला काय म्हणतेस गं?” ती म्हणायची, “त्याच्यावर शब्द कशाला वाया घालवू?”

मग पटकी आली. सात दिवसांत अकरा माणसं गेली. “हिनंच त्या बोलीत मरीआईला हाक मारली,” भगत म्हणाला. हसणाऱ्या बायकांनीच आधी माना डोलावल्या.

रोगराई घालवायला मरीआईचा गाडा शिवेपार नेतात. या वेळी गाड्यात कोरं मडकं ठेवलं. एकेकानं येऊन आपल्याला येणारे शब्द त्यात पुटपुटले. वरून कणकेनं तोंड लिंपलं. गाडा ओढत साळूबाईनं गाव सोडायचं, मागं वळायचं नाही. पुन्हा जो ते शब्द बोलेल किंवा त्यांना ओ देईल, त्यानंही गाव सोडायचं.

घरात तिची चार वर्षांची तानी पटकीनं पडली होती. “लुमी, लुमी,” ती मागत होती. अर्थ साऱ्या आळीला ठाऊक होता. घागरी भरलेल्या होत्या. एकही दार उघडलं नाही.

असं म्हणतात, की ती हाक साळूबाईला शिवेवर ऐकू गेली. ती वळली. समोर काठ्या घेऊन माणसं उभी. तिनं मडकं दगडावर आपटलं. असं म्हणतात, की शब्द टोळधाडीसारखे उठले, गावावर आले, दारांच्या फटींतून आत शिरले. काठीवाल्यांच्याही तोंडून एकच शब्द निघू लागला, लुमी, लुमी, आणि जीभ थांबेना. कुणीतरी रडत रडत तांब्या घेऊन धावलं. तानीच्या ओठांना पाणी लागलं, तेव्हा कुठे गाव गप्प झालं.

साळूबाईनं घरी येऊन लेक कडेवर घेतली आणि शीव ओलांडली. कुणी माफी मागितली नाही.

अजून दर आषाढात तिथं तिच्या नावानं शिवेवर मडकं फोडतात. आजाऱ्याला पहिला घोट ‘लुमी’ म्हणून पाजतात. मडकी विकणाऱ्या म्हातारीला मी विचारलं, “आज कुणी नवी बोली रचली तर?”

“माझी नात काढायची असले शब्द,” ती म्हणाली. “जिभेवर तिखट ठेवलं. आता बोलतच नाही. गुणाची आहे पोर.”