सगळ्यांत हलकी टोपी

टोप्या घालायची रीत मोडली आणि त्या कपाटात जाऊन बसल्या, त्या काळातली ही गोष्ट.

त्रिंबकराव दाभोळे यांना फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जुन्या, वजनाने अगदी हलक्या टोप्या जमवायचा नाद होता. वर्षभर कपाट बंद असे. दसऱ्याला मात्र ते एकेक टोपी सोनाराच्या काट्यावर जोखत. सगळ्यांत हलकी निघेल तिला क्षणभर डोक्यावर ठेवत आणि म्हणत, "वा! फूल आहेस गं नुसतं." दर वर्षी तो मान एका पांढऱ्या टोपीलाच मिळे. बाकीच्या पुन्हा अंधारात.

कोपऱ्यातल्या राखाडी टोपीला अकरा वर्षांत एकदाही डोकं मिळालं नव्हतं. एके दिवशी लोकर खाणारी कसर तिच्यापाशी आली, तेव्हा टोपी म्हणाली, "खा मला. पण आतून खा, बाहेर दिसता कामा नये."

"दुखेल गं," कसर म्हणाली.

"इथे नुसतं बसूनही दुखतंच."

दसरा आला. राखाडी टोपीने पांढरीला हरवलं. त्रिंबकराव हरखले. "अगं, इतकी वर्षं कुठे लपली होतीस?" म्हणत त्यांनी तिला डोक्यावर ठेवलं. डोकं उबदार होतं. टोपी नीट बसावी म्हणून त्यांनी कड जराशी खाली ओढली, तसा तिचा माथा टरकन फाटला आणि कड त्यांच्या गळ्यात उतरली.

हळहळत त्यांनी ती केरात टाकली आणि कपाट लावलं.

शेजारच्या तपकिरी टोपीने हे सगळं पाहिलं होतं. मग अंधारात ती हळूच म्हणाली, "कसरबाई, आहात का? माझ्याकडे कधी याल?"